‘क’ प्रतीचा डबा: अमळनेरच्या एका तिकीटसंग्रहाचं प्रकरण

डिसेंबर २०२१. अमळनेरच्या जुन्या गावठाणातलं धाब्याचं घर. काकूंनी खाटेवर धुतलेली चादर अंथरून तिच्यावर दोन वस्तू मांडल्या होत्या. एक जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा अल्बम. त्यातल्या तिकिटांना चार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं ‘अ’ प्रत दिली होती. दुसरा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यातल्या मालाला त्याच माणसानं ‘क’ ठरवलं होतं आणि “यात काही दम नाही, पोरांना खेळायला द्या” असं सांगून तो बाजूला सारला होता.

अल्बम उघडला आणि नव्या रेक्झिनच्या पिशवीला येतो तसा उग्र वास आला. तिकिटांमागचा गोंद प्लास्टिकच्या खिशांना चिकटून ओला असल्यासारखा चकाकत होता. मग डबा उघडला. आतली पोस्टकार्डं आणि पाकिटं कोरडी, सपाट, वासरहित. काही कार्डांना गंजाचे डाग होते, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण एकंदर डबा पाहून जीव थोडा निवला आणि अल्बम पाहून धस्स झालं.

हे कसं झालं, याचा मी पुढची दीड वर्षं पाठपुरावा केला. मी तिकिटं गोळा करतो, धुळ्यात राहतो, आणि गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या घरातले जुने संग्रह बघायला जातो. ज्या तिकिटांना चांगली प्रत मिळाली तीच बिघडली, असं इतकं उघड मी याआधी पाहिलं नव्हतं. म्हणून घरच्यांना विचारून हे सगळं नीट लिहून ठेवतो आहे. नावं गाळली आहेत.

संग्रह कोणाचा, कसा

नाना, म्हणजे काकूंचे पती, आर.एम.एस.मध्ये (रेल्वे मेल सर्व्हिस, टपाल खात्याची रेल्वेतली शाखा) सॉर्टर होते, म्हणजे पत्रांची वर्गवारी करणारे. भुसावळ हे त्यांचं ठिकाण. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत टपालाच्या डब्यात उभं राहून रात्रभर पत्रं खणांत टाकायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. त्या हाताला कागदाची जाण होती. तिकीट बोटांनी उचललेलं त्यांना खपायचं नाही, चिमटाच लागायचा. त्यांचे वडील अमळनेरला एका जिनिंगमध्ये कारकून होते. कापसाच्या व्यवहाराची पत्रं त्यांच्याकडे पारोळा, धरणगाव, दोंडाईचा, शहाद्याकडून यायची. ती कार्डं नानांनी जपून ठेवली. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असा जिल्हा लिहिलेले पत्ते आणि शिक्के त्यांना फार प्रिय होते. खानदेशचे हे दोन तुकडे १९०६ साली झाले आणि महाराष्ट्र राज्य झाल्याच्या सुमारास ती नावं जाऊन जळगाव आणि धुळे आली. म्हणजे ही नावं असलेलं कार्ड हातात आलं की तारीख पुसट असली तरी काळाची एक चौकट मिळते.

सुट्या तिकिटांचा भाग त्या मानानं साधा, पण प्रेमानं जमवलेला. २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं राष्ट्रध्वजाचं ‘जय हिंद’ तिकीट, त्यानंतर १५ डिसेंबरला आलेली सिंहस्तंभाची आणि विमानाची तिकिटं. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची दीड, साडेतीन आणि बारा आण्यांची तीन; दहा रुपयांचं नाही, ते त्या पगारात परवडणारं नव्हतंच. १५ ऑगस्ट १९४९ ची पुरातत्त्व मालिका, तीन पैंपासून एक रुपयापर्यंत. या मालिकेत तीन पै किमतीवर अजिंठा आहे, आणि नाना ते तिकीट दाखवताना “हे आपल्या शेजारचं” असं म्हणायचे, असं काकूंनी सांगितलं. पंचम आणि षष्ठ जॉर्ज यांची वापरलेली तिकिटं तर शेकड्यानं.

नाना २०१६ साली गेले. त्यांची मुलगी, म्हणजे ताई, जळगावला राहतात. त्यांना संग्रह विकायचा नव्हता, पण त्याची किंमत काय आणि जपायचं कसं हे कळावं असं वाटत होतं. दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच माणसाला विचारले. बाहेरगावहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं एका दुपारी सगळं चाळलं, तीन ढीग केले आणि ढिगांवर चिठ्ठ्या ठेवल्या: अ, ब, क.

प्रत ठरवताना काय बघतात

त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्यानं बाजाराच्या रीतीनं काम केलं, आणि ती रीत नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिकिटाची प्रत पाहताना पहिली नजर सेंटरिंगवर जाते. चित्राभोवतीची पांढरी कड चारही बाजूंनी सारखी आहे, की छिद्रांची ओळ एका बाजूला सरकून चित्राला टेकली आहे? मग दात, म्हणजे कडेच्या छिद्रांमुळे उरणारी टोकं. तिकीट फाडताना एखादा दात आखूड राहिला, उपटला गेला, तर प्रत उतरते. कोरं तिकीट असेल तर ते उलटं करून गोंद बघतात: मूळचा आहे का, पूर्ण आहे का, त्यावर हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला लावायच्या गोंद लावलेल्या पातळ कागदाच्या छोट्या घडीचा, व्रण आहे का. वापरलेलं असेल तर शिक्का हलका, एका कोपऱ्यात बसलेला आहे, की राजाच्या तोंडावर काळा गोळा झाला आहे. शेवटी रंग, घड्या, फाटी, मागून पातळ झालेली जागा, डाग. अमेरिकेत याला शंभरपैकी आकडे देतात: ७० म्हणजे ‘फाइन’, ८० ‘व्हेरी फाइन’, ९० ‘एक्स्ट्रीमली फाइन’, ९८ ‘सुपर्ब’. ही आकड्यांची पद्धत मुख्यतः अमेरिकन तिकिटांच्या खरेदी-विक्रीसाठी वाढली. दूरच्या दोन माणसांना तिकीट हातात न घेता व्यवहार करायचा असेल तर अशी भाषा लागतेच. तिचा उपयोग आहे, आणि मीही ती वापरतो.

तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, आपल्या तिकिटांना हा मापदंड जड जातो. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटं छापू लागली, आणि त्या जुन्या छपाईत छिद्रं इकडे-तिकडे सरकलेली सर्रास दिसतात. पुरातत्त्व मालिकेतलं एखादं तिकीट डावीकडे सरकलेलं असलं तर तो नानांच्या जपणुकीचा दोष नाही, ते तसंच जन्मलं आहे. गांधीजींची १९४८ ची तिकिटं स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापलेली, त्यांची कड एकसारखी. साहजिकच ती ‘अ’मध्ये गेली आणि नाशिकची बरीचशी ‘ब’मध्ये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत ही त्या दिवसाच्या स्थितीची नोंद असते. ती स्थिती टिकणारी आहे की ढासळत चाललेली, हे त्या एका अक्षरात येत नाही. नानांच्या ‘क’ ढिगात एक पाकीट होतं: तिकीट सरकलेलं, शिक्का जाड. ते आणखी शंभर वर्षं जसंच्या तसं राहील. त्याच ढिगात टाचणी टोचलेलं एक कार्ड होतं. टाचणी गंजत होती, गंज शेजारच्या दोन कार्डांत उतरला होता आणि उतरतच होता. दोघांनाही अक्षर एकच. जपणाऱ्याच्या दृष्टीनं पहिलं निवांत पडलेलं म्हातारं माणूस आहे आणि दुसरं तापानं फणफणलेलं.

चिठ्ठ्या ठेवल्यानंतर

आता ढिगांचं काय झालं ते बघा.

‘अ’ ढिगात साठेक तिकिटं होती. “यांना हिंज लावू नका, खिशात ठेवा,” असा सल्ला मिळाला. सल्ला वरवर बरोबरच आहे. एके काळी सगळे संग्राहक हिंज लावायचे, नानांनीही लावले. पुढे बाजारात ‘कधीच हिंज न लागलेलं’ तिकीट वेगळ्या भावानं जाऊ लागलं आणि गोंदावरचा एक हलका व्रणही खुपू लागला. त्यातूनच माउंट (तिकीट आत सरकवायचे पारदर्शक खिसे) आणि खिशांचे अल्बम घरोघर आले. म्हणजे प्रतवारीची एक अट बदलली आणि तिकिटं कागदाच्या सोबतीतून प्लास्टिकच्या सोबतीत गेली. प्लास्टिक चांगलं असेल तर काही बिघडत नाही. ताईंनी जळगावच्या एका दुकानातून घेतलेला अल्बम मऊ पीव्हीसीचा निघाला. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊपणा यावा म्हणून तेलकट रसायनं मिसळतात, आणि ती उष्णतेनं हळूहळू बाहेर झिरपतात. पहिला फटका तिकिटाला, कारण ते त्याला चिकटूनच असतं.

हा अल्बम ताईंच्या फ्लॅटमध्ये, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटात गेला. मौल्यवान वस्तू म्हणून दागिन्यांच्या खणात, इतर वह्यांखाली, आडवा. वर कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या. खानदेशातला मे महिना वाचकांना सांगायला नको. पारा ४५ च्या वर जातो आणि पश्चिमेची सिमेंटची भिंत रात्री अकरालाही हाताला चटका देते. दाब, उष्णता, मऊ प्लास्टिक आणि डांबरगोळीची वाफ, चारही एकत्र. डांबरगोळीची वाफ काही प्लास्टिकना आणखी मऊ करते. ‘अ’ प्रत म्हणून जे जे प्रेमानं केलं, ते ते तिकिटांच्या अंगावर आलं.

‘ब’ ढिगाची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त चटका लावणारी. “हिंजचे तुकडे काढले, साफ केली तर यांतली काही वर जातील,” असं व्यापारी जाता जाता बोलून गेला. ताईंचा मुलगा तेव्हा नववीत. त्यानं उत्साहानं एका सुट्टीत तिकिटं परातीत पाण्यात सोडली. कोऱ्या तिकिटांचा मूळ गोंद पाण्याबरोबर गेला, म्हणजे प्रत वर जायच्या ऐवजी दोन पायऱ्या खाली आली. वापरलेल्यांपैकी काही पाकिटाच्या तुकड्यासकट होती, आणि त्यांत लग्नपत्रिकेची गुलाबी पाकिटं होती. त्या गुलाबी रंगानं परातभर पाणी रंगलं आणि तिकिटांच्या पांढऱ्या कडा कायमच्या गुलाबी झाल्या. एका तिकिटावरचा जांभळ्या शाईचा शिक्का तर पसरून ढग झाला. मुलाला अजून ते आठवलं की मान खाली जाते. मी त्याला सांगितलं, तुझी चूक नाही, तुला कोणी पाण्याआधी थांबून बघायला शिकवलंच नाही.

आणि ‘क’. या ढिगात नानांच्या वडिलांची सगळी कार्डं आणि पाकिटं होती. त्यांवरची तिकिटं स्वस्तातली, शिक्के जाड, सेंटरिंग वाकडं. तिकीट तेवढं पाहिलं तर ‘क’च. पण कार्ड हे तिकिटाहून मोठं असतं. कुठल्या गावातून, कोणत्या तारखेला, किती दिवसांत, कोणत्या दरानं पत्र गेलं हे सगळं तिकीट, शिक्का आणि पत्ता मिळून सांगतात. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघाल्यापासून खेड्यातल्या माणसाचा पत्रव्यवहार याच कागदावर चालला. पुढे दर वाढले तेव्हा छापील तिकिटाशेजारी चिकटवलेलं जादा तिकीट त्या दरवाढीचा पुरावा म्हणून उभं आहे. व्यापाऱ्यानं चौदा कार्डांवरची अशी तिकिटं कात्रीनं कापून घेतली, “बघू यातलं काही निघतं का” म्हणून, आणि मग तीही ‘क’मध्येच टाकली. एका तुकड्यावर शिक्क्यातली पहिली चार इंग्रजी अक्षरं उरली आहेत. गाव पारोळा असावं. तारीख कापलेल्या बाजूला गेली. उरलेल्या कार्डाला खिडकीसारखं भोक आहे. बाकी सगळं नुकसान थोडंफार आवरता आलं; हे आलं नाही. तुकडे आणि कार्डं जुळवून एकेका पाकिटात ठेवली आहेत, पण कापलेलं ते कापलेलं.

उरलेला डबा मात्र वाचला, कारण कोणाला त्याची पर्वा नव्हती. “हाऊ डबा तं मी कोनाडामा ठेई दिन्हा व्हता, भाऊ. कोन्ही हात बी नही लाया,” असं काकू म्हणाल्या. तो कोनाडा दीड हात जाड पांढऱ्या मातीच्या आतल्या भिंतीत आहे. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत मी मुद्दाम दोन्हीकडे थर्मामीटर ठेवले. दुपारी चारला ताईंच्या कपाटात आणि या कोनाड्यात सात अंशांचा फरक निघाला. शिवाय नानांनी कार्डं ठेवली होती फोटो स्टुडिओत निगेटिव्हसाठी वापरायच्या गुळगुळीत ग्लासिन पाकिटांत. बंद पडणाऱ्या एका स्टुडिओतून त्यांनी ती गठ्ठ्यानं आणली होती. एवढ्यावरून मातीचं घर म्हणजे तिकिटांचा स्वर्ग असं मात्र मी म्हणणार नाही. धाबं गळतं, वाळवी असते, उंदीर असतात. या घरात ते घडलं नाही, कारण काकू दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून घेतात आणि डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा होता.

पहिलं काम: अक्षरं पुसून दोष वेगळे करणं

मी पहिल्यांदा चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि एक मोठी वही आखली. प्रत्येक वस्तूचा पुढून-मागून स्कॅन, आणि दोषांचे तीन रकाने. काकूंना आणि ताईंना समजतील अशी नावं दिली: जन्माचा दोष, बसलेला दोष, चालता दोष. छपाईतलं सरकलेलं चित्र हा जन्माचा. हिंजचा व्रण, जुनी घडी, आखूड दात हे बसलेले. झाले ते झाले, आता वाढणार नाहीत. गंज, बुरशीचे तपकिरी ठिपके, प्लास्टिकला लागलेला गोंद, पाकिटातली किडीची विष्ठा हे चालते. पहिल्या दोन रकान्यांना हात लावायचा नाही. सगळा वेळ, पैसा आणि काळजी तिसऱ्याला.

नमुन्याला एक नोंद देतो. “गांधी, साडेतीन आणे, कोरं. जन्माचा: नाही. बसलेला: वर मध्ये हिंजचा हलका व्रण. चालता: खालचा उजवा कोपरा प्लास्टिकला चिकटून गोंद ओढला गेला, कागदावर तेलकट झाक.” बाजारातला माणूस ही नोंद वाचून एक आकडा काढेल आणि काढू दे. पण आकड्यावरून ही नोंद परत काढता येत नाही. म्हणूनच मला नोंद जास्त मोलाची वाटते.

या रकान्यांत माल भरला तेव्हा ढीग पार उलटेपालटे झाले. ‘अ’मधलं जवळजवळ सगळं तिसऱ्या रकान्यात आलं. ‘क’मधली मोजकी तेवीस कार्डं तिथे आली आणि बाकीचा डबा पहिल्या दोन रकान्यांतच शांत बसला.

गोंद की कागद

सगळ्यात अवघड निर्णय ‘अ’च्या चिकटलेल्या तिकिटांचा होता. आधी खात्री करून घेतली की प्लास्टिक खरोखर पीव्हीसी आहे. तांब्याची तार लालबुंद तापवून खिशाच्या रिकाम्या तुकड्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली; ज्योत हिरवी झाली. क्लोरीन असलेल्या प्लास्टिकची ती खूण. हे उघड्या अंगणात, अगदी नखाएवढ्या तुकड्यावर करायचं, धूर हुंगायचा नाही.

सोडवताना तिकीट ओढायचं नसतं. तिकीट सपाट ठेवून प्लास्टिक मागे वळवत, अगदी सावकाश सोलायचं. थंडीच्या सकाळी हे बरं जमतं, कारण मऊ झालेलं प्लास्टिक तेव्हा जरा ताठ असतं. बहुतेक तिकिटं अशी सुटली, गोंदावर कमी-जास्त ओरखडे घेऊन. सहा सुटेनात. त्यांत बारा आण्यांचं गांधी होतं.

आता दोनच वाटा. ती प्लास्टिकसकट कापून ठेवायची, म्हणजे गोंद कागदावर राहतो आणि कोणी विचारलं तर ‘मूळ गोंद’ म्हणता येतं; पण तेलकट रसायन कागदात मुरतच राहणार. किंवा कोमट पाण्यात सोडवायची, म्हणजे गोंद जाणार आणि कोऱ्या तिकिटाची निम्म्याहून जास्त किंमत त्याच्याबरोबर. प्रतवारी गोंदाच्या बाजूनं उभी होती, जपणूक कागदाच्या. ताईंशी दोन आठवडे बोलणं चाललं. शेवटी मी माझं मत स्पष्ट दिलं: गोंद हा तिकिटाचा भाग आहे, पण तिकीट हे गोंदासाठी नाही. त्यांनी मान्य केलं. सहाही पाण्यात सोडवली. चार स्वच्छ निघाली, दोनांवर कागद पारदर्शक झाल्यासारखी तेलकट झाक राहिली आणि ती पाण्यानं जात नाही. वहीत तसंच लिहिलं.

तेव्हा एका नातेवाइकानं सुचवलं की आता नवा गोंद लावून घेता येतो, करणारी माणसं आहेत. करणारी माणसं आहेत हे खरं. नवा गोंद बहुतेक वेळा दातांच्या टोकांवरच्या मोकळ्या तंतूंत शिरतो आणि भिंगाखाली टोकं ताठ, चिकट दिसतात. जाणकाराला ते कळतं. पण कळत नसतं तरी मी नाही म्हटलं असतं. नवा गोंद सुकताना आकसतो आणि दुबळ्या कागदाला ओढतो, आणि कागदाखाली काय घडतंय हे पुढच्या माणसापासून झाकतो. आकड्यासाठी केलेला हा उपचार कागदाला आजारच देतो.

‘क’च्या तेवीस कार्डांचं काम त्यामानानं सरळ होतं. टाचण्या काढल्या, ओढून नाही, गंजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी सोडवून. गंजाचा डाग कागदात राहिला. लोखंड कागदाला आतून जुनं करत राहतं, म्हणून ही कार्डं आता एकमेकांना लागत नाहीत, प्रत्येकाला स्वतंत्र पाकीट. तपकिरी ठिपक्यांची कार्डं सावलीत, मोकळ्या हवेत सुकवून मऊ कुंचल्यानं झाडली आणि वेगळी ठेवली. क्लोरामाइन-टी लावून ठिपके पांढरे करायची जुनी सवय संग्राहकांत आहे. ठिपका जातो, तिकीट एक पायरी वर चढतं, आणि रसायनाचा अंश कागदात राहून पुढे त्याला कुरतडत राहतो. ठिपके तसेच राहू दिले.

खानदेशाची हवा

पुस्तकांत तिकिटांसाठी वीस अंशांच्या आसपास तापमान आणि चाळीस ते पन्नास टक्के दमटपणा सांगितलेला असतो. अमळनेरला तिकिटांसाठी कोणी बारा महिने एसी लावणार नाही, लावूही नये. आपल्याकडची अडचण वेगळी आहे: एकाच वर्षात दोन टोकं. चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी की जुना गोंद आकसून त्याला बारीक भेगा पडतात आणि तिकीट गुंडाळी होतं. आषाढ-श्रावणात तोच गोंद ओलावा ओढून शेजारच्या पानाला चिकटतो आणि बुरशीला आमंत्रण देतो. त्यामुळे सिलिका जेलच्या पुड्या बारा महिने ठेवणं हा इथे उपाय नाही, अपाय आहे. आम्ही त्या आषाढात ठेवतो, निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलतो, आणि दसऱ्यानंतर काढून टाकतो.

बाकी व्यवस्था थोडक्यात. तिकिटं आता पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्ट्यांत, आम्लरहित कागदाच्या पानांवर. अल्बम पुस्तकासारखे उभे, सैलसर. कपाट आतल्या भिंतीकडे सरकवलं, भिंतीपासून चार बोटं दूर. डांबरगोळ्या बंद, त्याऐवजी महिन्यातून एकदा कपाट उघडून पुसायचं. डबा कोनाड्यातच आहे. तो जळगावला न्यावा असं ताईंना वाटत होतं, पण काकूंनी नाही म्हटलं आणि थर्मामीटरनंही त्यांचीच बाजू घेतली.

प्रतीचं पुढे काय केलं, हा प्रश्न उरतो. टाकून दिली नाही. विम्यासाठी आणि उद्या वाटणी झाली तर ती लागेल, म्हणून वहीच्या शेवटच्या रकान्यात बाजारातली प्रतही लिहिली, पेन्सिलनं. फक्त तिच्यावरून कोणती वस्तू कुठे ठेवायची, कशाला पाणी लावायचं, काय कापायचं हे ठरत नाही. कार्डांना तर अख्ख्या कार्डाची म्हणून वेगळी नोंद दिली: कुठून, कुठे, तारीख, दर, जिल्ह्याचं नाव. त्यांतली दोंडाईच्याहून आलेली काही मी टपाल-इतिहास जमवणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवली. त्यांनी तिकिटाकडे पाहिलंच नाही. शिक्क्यावर भिंग धरून ते बराच वेळ गप्प बसले होते.

वही आता ताईंच्या मुलाकडे आहे, ज्यानं परातीत तिकिटं सोडली होती. तो आता कॉलेजात आहे आणि वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीनंतर, आजीकडे येऊन सगळं तपासतो. गंजलेल्या कार्डांपैकी सातव्या क्रमांकासमोर त्याच्या अक्षरातली शेवटची नोंद अशी आहे: “धरणगाव. टाचणीचं भोक. डागाची कड स्कॅनवर ठेवून पाहिली. वाढ नाही.”